सरांच्या मरणाचे दोन सांगावे

बोरसे सर दोनदा वारले. दोन्ही वेळा त्यांच्या मुलाला फोन मीच केला. पहिल्या वेळी सर माझ्यासमोर बसले होते आणि मी नीट बोलते की नाही ते कान देऊन ऐकत होते.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. हार घातलेला फोटो, अगरबत्ती, आणि एकामागून एक माणसं माइकवर येऊन सर किती प्रेमळ होते ते सांगत होती. एका बाईंनी तर ‘मायाळू’ म्हटलं. मी शेवटच्या रांगेत होते, मला हसू आवरेना. हेमराज चिंधा बोरसे आणि मायाळू! या माणसाने पस्तीस वर्षं सुरतेच्या पोरापोरींना रडवलं. मला तर भर वर्गात घड्याळ लावून रडवलं. मला बोलायला बोलावलं तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी सुटका करून घेतली. मला जे सांगायचं होतं ते त्या हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते.

मी उज्ज्वला देसले. लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. माझे वडील निंबा देसले पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाक्यांवर होते. आमच्या गल्लीत सगळेच खानदेशातून आलेले, सगळ्यांच्या बापांचे हात रंगलेले. सत्त्याण्णव साली मी नदीपलीकडच्या कॉलेजात गेले तेव्हा सिनेमाचा एक ऐच्छिक पेपर होता. पिक्चर बघून पास होता येतं असं ऐकलं म्हणून मी तो घेतला.

शिकवायला बोरसे सर. बारीक, उंच, जाड चष्मा, पॅन्ट कायम आखूड. वर्गात गुजरातीत बोलायचे आणि कोणी काहीही दाखवलं की एकच शब्द, ‘फरीथी’. म्हणजे पुन्हा. पोरं त्यांना फरीथी सरच म्हणायची. पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हाला कॉलेजचा एकुलता एक कॅमेरा आळीपाळीने दिला आणि सांगितलं, एका जागी ठेवायचा, एक मिनिट चालवायचा, हात लावायचा नाही. जे दिसेल ते आणायचं. मी माझ्या वडिलांना आणलं. पाळी सुटल्यावर मोरीत हात धुताहेत, कितीही घासलं तरी निळा रंग जात नाही. मला वाटलं, आता सर उठून उभेच राहतील.

सरांनी मिनिटभर बघितलं. मग विचारलं, “बापाला हळू धू म्हणून सांगितलंस ना?”

मी सांगितलं होतं.

“चाळिसाव्या सेकंदाला त्याने तुझ्याकडे बघितलं, अजून किती धुवू म्हणून. खोटं मिनिटभर टिकत नाही. बापाच्या हातांचा तमाशा केलास.”

मी रडायला लागले. सरांनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि वर्गाला म्हणाले, हेही बघा, चाळीस सेकंदांत थांबेल. अख्खा वर्ग मोजत बसला. मी अडतिसाव्या सेकंदाला थांबले, रागाने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा माणूस आमच्या घरी हजर. खाटेवर बसून वडिलांशी अहिराणीत गप्पा मारल्या. त्यांचे वडीलही अमळनेर तालुक्यातून असेच एका मिलमध्ये आलेले. भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला. जाताना कॅमेरा माझ्या आईच्या मांडीवर ठेवला आणि आठ दिवस राहू द्या म्हणाले. कॉलेजचा नियम मोडून. मला एक शब्द बोलले नाहीत. त्या आठ दिवसांत मी जे शिकले त्यावर आज माझं घर चालतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

तिथून आमची ओळख सुरू झाली ती अठ्ठावीस वर्षं चालली. दर रविवारी दुपारी मी उधन्याला त्यांच्या घरी सिनेमा बघायला जायचे. आधी आवाज बंद करून पूर्ण, मग आवाज लावून पूर्ण. माझ्या कामाला ते रडण्याची ठेकेदारी म्हणायचे, कारण नवरी सासरी निघाली की मी आईच्या डोळ्यांवर कॅमेरा नेते. पण माझा संसार मोडला आणि कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, तेव्हा तीन वर्षं एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. बाकावर शेजारी बसायचे आणि समोरच्या वकिलाचा अभिनय किती भिकार आहे ते मला कानात सांगायचे. माझ्या सख्ख्या भावाला तेवढा वेळ मिळाला नाही. ते माझे सर होते आणि नंतर माझे मित्र झाले, आणि दोन्हीत त्यांनी मला कधी चांगलं म्हटलं नाही.

घरात सर, त्यांची थोरली विधवा बहीण उषाबाई आणि मुलगा गजेंद्र. सरांची बायको रंजनावहिनी गजू बारा वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं उषाबाईंनी. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, तो तसंच म्हणायचा. पोरगं बापासारखंच उंच, पण बोलायला मऊ. त्यानेही सरांचाच पेपर घेतला. मी म्हटलं होतं, घेऊ नकोस.

विसाव्या वर्षी त्याने बारा मिनिटांची फिल्म केली. आईच्या स्वयंपाकघराची. माणूस एकही नाही, नुसती फळी, डबे, खिडकी, तिची पोळपाट टेकायची जागा. कॉलेजच्या फिल्म दिवसाला भरल्या हॉलमध्ये ती दाखवली. दिवे लागले तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. माइक सरांच्या हातात होता.

सर म्हणाले, “हा पोरगा माझा नसता तर मी दुसऱ्या मिनिटाला उठलो असतो. आई मेली म्हणून शॉट चांगला होत नाही.”

हॉल हसला. लोकांना वाटलं बापलेकाची थट्टा आहे. गजू पण हसला. मी शेजारी बसले होते, ते हसू मला जवळून दिसलं. त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला. इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर माल तपासायच्या कामाला लागला, तिथेच खोली घेतली. उधन्यापासून मोटरसायकलने तास लागत नाही. नऊ वर्षं त्याने उंबरठ्याला पाय लावला नाही. फुईला फोन करायचा, बापाचं नाव काढायचा नाही. सरही काढायचे नाहीत. रविवारी सिनेमा चालू असताना गल्लीत मोटरसायकल थांबली की ते तेवढा चष्मा काढून पुसायचे. बोलण्यासारखं काही नसलं की चष्मा पुसायची त्यांची सवय होती, आणि त्यांना बोलण्यासारखं काही नाही असं फार क्वचित व्हायचं. या माणसाला पोरगा दारात हवाय, हे मला नऊ वर्षं कळत होतं.

मग कावळा आला. गेल्या वर्षी मार्चमध्ये उषाबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या आणि सर खुर्ची टाकून राखण करत होते. कावळा पापडावर न जाता सरांच्या टकलावर बसला. पंजा मारून उडाला. रक्ताचा एक ठिपका आला. सर हसले. उषाबाईंचं तोंड पांढरं पडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कावळा डोक्यावर बसला की माणूस वर्षाच्या आत जातो असं आमच्याकडे मानतात. त्यावर उतारा एकच. त्याच्या रक्ताच्या माणसाला तो मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. ऐकणारा मनापासून रडला की मरण घडून गेलं असं धरायचं. मग दुसरा सांगावा धाडायचा, माणूस धडधाकट आहे, रडू नका. बोरसेंच्या घराला या फसवाफसवीची सवय होतीच. सरांच्या वडिलांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यात गेली म्हणून त्यांचं नाव चिंधा ठेवलं होतं, मरणाला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही. ते वर्गात सांगून सर खूप हसायचे.

उषाबाईंनी ताट बाजूला सारलं. “सांगावा धाड, तवय जेवसू.” दोन दिवस पोटात अन्न नाही, शहात्तर वर्षांची बाई. तिसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून घेतलं. मी गेले तर सर व्हरांड्यात चिडून बसलेले आणि उषाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून.

“अडाणी बाई,” सर म्हणाले. “बरं, कोणाला करायचा फोन?”

उषाबाईंनी डोळे उघडले. “गजूले.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. “उज्ज्वला करेल,” ते म्हणाले. “तिचा धंदाच आहे रडवण्याचा.”

मी नाही म्हणू शकत होते. उषाबाईंना दोन घास भरवायला अजून चार वाटा सापडल्या असत्या. पण मला त्या कावळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला वाटलं, मेल्याचं ऐकून तरी पोरगा येईल. दारात बाप जिवंत दिसेल, रडेल, चिडेल, शिव्या देईल, पण येईल तर खरा. एकदा आत आला की पुढचं मी बघून घेईन. एवढी हुशारी मी दाखवली. ती आठवली की आजही माझ्या अंगाची लाहीलाही होते.

सरांनी दिग्दर्शनही केलं. “ओरडू नकोस. आधी त्याचं नाव घे, मग थांब. थांबलीस की त्यालाच कळेल.” फोन स्पीकरवर ठेवला.

“गजू,” मी म्हटलं, आणि थांबले. पलीकडे यंत्रांची घरघर. “गजू, सर गेले रे.”

तेवढ्यात उषाबाईंनी हंबरडा फोडला, “मन्हा भाऊ गया रे, गजू!” त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. इतका खरा आवाज होता की माझ्याच अंगावर काटा आला. सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. पलीकडून काही येईना, नुसती घरघर.

“कधी?” गजूने विचारलं.

“आत्ताच. अकरा वाजता.”

“बरं.” आणि फोन बंद.

“बावीस सेकंद,” सर म्हणाले. “रडला नाही. चांगलं आहे.” त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

मी लगेच दुसरा फोन लावायला घेतला. सरांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. “थांब. शॉट चालू आहे.” मग उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, केस होते तेवढे विंचरलेले. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि उषाबाईंना चहा टाकायला सांगितलं. त्यांचा शर्ट बघून मी गप्प बसले. पोरगा यायच्या आत फोन करून खरं सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दीड वाजता मोटरसायकल थांबली. फाटकातून गजू आला. त्याने हेल्मेट काढलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डोक्यावर एक केस नाही. मिशी नाही. कानामागे दोन ठिकाणी कापलेलं, रक्त वाळलेलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर एक न्हावी खुर्ची मांडून बसतो, त्याच्याकडे थांबून तो आला होता. आमच्यात केस दहाव्याला देतात, नदीवर. पण घर सुटलेल्या पोराला कोण सांगणार? त्याला एवढंच माहीत होतं की बाप गेला की मुलाने केस द्यायचे. हातून दुसरं काही झालं नाही, निदान एवढं तरी करून जावं, असं वाटलं असेल.

समोर बाप इस्त्रीच्या शर्टात चहा पीत बसलेला.

गजू तिथल्या तिथे उभा राहिला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो रडायला लागला. लहान पोरासारखा, आवाज करून, हेल्मेट छातीशी धरून. उषाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी टाळी वाजवली, आनंदाने. “रडना रे गजू, रडना!” पोरगा रडला, म्हणजे त्यांच्या भावाचं मरण टळलं होतं. त्या त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत होत्या, हसत होत्या, आणि तो रडत होता.

सरांनी कप खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता उठतील. खुर्चीच्या हातांवर त्यांनी भारही दिला होता, मी बघितलं.

“केस दहाव्याला देतात रे,” सर म्हणाले. “कंटिन्युटी चुकली.”

आधीच्या शॉटमध्ये कप उजव्या हातात आणि पुढच्यात डाव्या, असली चूक सापडली की वर्गात ते हेच म्हणायचे. त्यांना चूक दिसली, त्यांनी सांगितली. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

गजूचं रडणं थांबलं. बटण दाबल्यासारखं. तो वाकून फुईच्या पाया पडला. मग माझ्याकडे वळला.

“फोनवर छान बोललात, ताई,” तो म्हणाला, आणि बोडक्या डोक्यावर हेल्मेट घालून निघून गेला.

उषाबाईंनी वाढून घेतलं आणि पोटभर जेवल्या. सरांनी मला विचारलं, “मी काय म्हणायला हवं होतं?” इतक्या वर्षांत उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला.

“ये, असं म्हणायचं,” मी सांगितलं.

“ते कोणालाही येतं,” सर म्हणाले.

मी इतकी चिडले की तीन रविवार गेले नाही. चौथ्या रविवारी गेले तर सर टीव्हीसमोर, आवाज बंद, आणि पडद्यावर रंजनावहिनींचं स्वयंपाकघर. फिल्म दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉलेजातून तिची कॉपी काढून आणली होती. नऊ वर्षं ती कपाटात पेन ड्राइव्हवर होती, वर चिकटपट्टी लावून स्वतःच्या अक्षरात ‘गजू’ लिहिलेलं. त्या दिवसापासून आमचा रविवारचा सिनेमा तोच. बारा मिनिटं आवाज बंद करून, बारा मिनिटं आवाज लावून.

डिसेंबरात एकदा त्यांनी मध्येच थांबवली. फळीवरच्या डब्यांवर खिडकीचं ऊन सरकतं तो शॉट होता. “हा आठव्या मिनिटाचा,” सर म्हणाले. “बरा आहे.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ‘बरा’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कोणाच्याच कामाबद्दल ऐकला नव्हता. माझ्या तर नाहीच नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

“सांगू त्याला?”

“तू नको. मी सांगेन.”

पुढच्या रविवारी विचारलं, सांगितलंत का? म्हणाले, बघतो. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, फोनवर काय सांगायचं, समोर सांगितलं पाहिजे. जानेवारीत त्यांच्या पायांवर सूज आली. तेव्हाही म्हणाले, जरा चालायला लागलो की इच्छापोरला जाऊ, तू गाडी काढ. मी गाडी पुसून ठेवली होती.

फेब्रुवारीत सकाळी सातला उषाबाईंचा फोन आला. मी पोचले तेव्हा सर पलंगावर सरळ झोपवलेले होते, हनुवटीला फडकं बांधलेलं. डॉक्टर येऊन गेले होते. कावळ्याचं वर्ष भरायला तीन आठवडे राहिले होते. उषाबाई पायांशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, “गजू तं रडना व्हता. मंग कसं?” आणि थोड्या वेळाने, “दुसरा सांगावा कोनी धाडाच नही.” तो धाडायचं काम माझं होतं. त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत, पण बोलल्या मलाच.

मी गजूला फोन लावला. या वेळी कोणी शिकवलं नव्हतं, पण तोंडून तेच आलं. “गजू.” आणि मी थांबले. “सर गेले रे.”

पलीकडे घरघर. उताऱ्याचं सगळं फुईने त्याला नंतर फोनवर सांगितलं होतं. मग तो म्हणाला, “पुन्हा कावळा बसला का?”

“नाही रे. खरंच गेले. पहाटे झोपेतच.”

“फुईचा आवाज येत नाही.”

मी फोन उषाबाईंच्या तोंडाजवळ नेला आणि हळूच म्हटलं, “फुई, रडा ना.” मी असं म्हटलं. भाऊ मेलेल्या बाईला. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “आते कसाले रडू?” त्या म्हणाल्या.

गजूने ते ऐकलं. “नीट करत नाहीयेत त्या,” तो म्हणाला. “फरीथी.” आणि फोन ठेवला.

परत लावला, उचलला नाही. गल्लीतली माणसं जमू लागली होती, तिरडीचं सामान आलं होतं, आणि मुलगा कुठे म्हणून जो तो मलाच विचारत होता. काय करावं सुचेना. मग मी स्टीलच्या पेल्याला फोन टेकवून सरांच्या चेहऱ्यासमोर ठेवला आणि कॅमेरा चालू केला. हात लावला नाही. एक मिनिट, दोन, तीन. फडकं बांधलेली हनुवटी, अर्धवट मिटलेला उजवा डोळा, एक माशी ओठावर बसली आणि चालत नाकापर्यंत गेली. चार मिनिटं मी बाजूला उभी राहून ते बघत होते आणि मला कळत होतं की शॉट चांगला होतोय. हे मला सरांनीच शिकवलेलं. मी तो गजूला पाठवला. थोड्या वेळाने निळ्या खुणा झाल्या. तासाभराने तो आला. डोक्यावर दाट केस, व्यवस्थित भांग. त्याने खांदा दिला, अग्नी दिला. रडला नाही.

दहाव्याला तापीच्या काठावर न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. भावकीतल्या पोरांनी एकेक करून डोकी पुढे केली. मग न्हाव्याने गजूला हाक मारली.

“माझे दिलेत,” गजू म्हणाला.

म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. निंबा देसले, म्हणजे माझे वडीलच, पुढे होऊन म्हणाले, “भाऊ, रीत असते.”

“काका, एका बापाचे किती वेळा द्यायचे?”

न्हाव्याने वस्तरा पुसून ठेवला. पिंड ठेवला तर कावळा झटकन आला आणि शिवून गेला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. चला, मास्तरांची काही इच्छा राहिली नाही, असं कोणीतरी म्हणालं आणि माणसं हातपाय धुवायला गेली. मी तशीच उभी होते. पेन ड्राइव्ह मी मुठीत धरून आणला होता. गजू हेल्मेट उचलून निघाला तेव्हा मी त्याला गाठलं.

“गजू, सर वर्षभर दर रविवारी तुझी फिल्म बघत होते. म्हणाले, आठव्या मिनिटाचा शॉट बरा आहे. डबे आणि ऊन. तुला स्वतः सांगणार होते, इच्छापोरला येऊन.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मला सरांचं मिनिट आठवलं. खोटं तेवढं टिकत नाही, म्हणून मी पापणी लवू दिली नाही, नजर काढली नाही. त्यानेही काढली नाही. डोळे बापाचेच होते, तसेच मोजणारे. मिनिटाच्या वर नक्कीच झालं. एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवावा असं मला जन्मात इतकं वाटलं नव्हतं.

“छान बोलता तुम्ही, ताई,” गजू म्हणाला.

त्याने हेल्मेट चढवलं, पट्टा लावला. दोनची पाळी होती. मोटरसायकल रस्त्याला लागल्यावर मी मूठ उघडली. चिकटपट्टीवर सरांच्या अक्षरात ‘गजू’ तसंच होतं, आणि ते त्याला दाखवायचं मला सुचलंच नव्हतं. आता नेऊन दाखवलं तर म्हणेल, अक्षरही छान काढता.